मोरी आधी सांगते!

नवे घर घ्यायला निघालेले कुटुंब काय काय पाहते! हवा-उजेड पाहते, दिशा पाहते, पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून घेते. ओट्याला कोणता दगड आहे, न्हाणीघरात टाइल्स किती उंचीपर्यंत आहेत, याचीही चौकशी होते. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. या घरातून पाणी जाते कुठे? येणाऱ्या पाण्याची आपल्याला जेवढी काळजी, तेवढीच जाणाऱ्या पाण्याबद्दल बेफिकिरी. मग एखाद्या दिवशी, बहुधा सणावाराच्या तोंडावर किंवा धुवांधार पावसात, तळमजल्यावरच्या मोरीतून काळे पाणी उलटे वर येऊ लागते. धावपळ होते, प्लंबरला फोन जातात, वरच्या मजल्यांवर निरोप जातात, आणि ‘अचानक तुंबले हो!’ असे जो तो सांगत सुटतो.

यातला ‘अचानक’ हा शब्द सहसा खरा नसतो. सांडपाण्याची वाट एका दिवसात क्वचितच बंद होते. ती महिनोन् महिने अरुंद होत जाते, आणि त्या काळात मोरी आपल्याला अनेकदा सूचना देत असते. ती सूचना ऐकण्यासाठी इंजिनीअर असावे लागत नाही. घरातले पाणी कोणत्या वाटेने जाते एवढे ठाऊक असले, तर कोणतीही गृहिणी किंवा शाळकरी मुलगाही ती ओळखू शकेल.

पाण्याची वाट

जुन्या इमारतींच्या मागच्या भिंतीला टेकून दोन वेगवेगळे जाड पाइप उभे दिसतात. एक शौचालयाचा, दुसरा स्वयंपाकघर आणि न्हाणीघराचा. मोरीतले पाणी आधी जाळीखालच्या वाटीसारख्या भागात उतरते. त्याला प्लंबर मंडळी ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. तिथून ते उभ्या पाइपाने खाली येऊन जमिनीलगतच्या ‘गली ट्रॅप’मध्ये पडते आणि मग चेंबरमध्ये जाते. शौचालयाचा पाइप थेट चेंबरमध्ये येतो. पुढे एका चेंबरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे करीत सगळे पाणी आवाराच्या कडेच्या शेवटच्या चेंबरपर्यंत पोचते आणि तिथून रस्त्याखालच्या नगरपालिकेच्या वाहिनीला मिळते. नव्या इमारतींत पाइपांची मांडणी थोडी वेगळी असते, पण तत्त्व हेच.

या वाटेवर दोन गोष्टी सतत आपली राखण करीत असतात. पहिली म्हणजे ट्रॅपमध्ये साठून राहणारे जेमतेम दोन इंच पाणी. गटारातला वायू, झुरळे आणि दुर्गंधी घरात येऊ न देणारे दार म्हणजे हे पाणी. लंडनमध्ये घड्याळे बनवणाऱ्या अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये फ्लशच्या संडासाचे पेटंट घेतले, त्यात हा वाकडा, पाणी धरून ठेवणारा पाइप होता. अडीचशे वर्षांत या युक्तीला पर्याय सापडलेला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे उतार. घरातून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्याला कोणताही पंप ढकलत नाही. ते केवळ उतारावरून वाहते. चार इंची पाइपाला चाळीस फुटांत एक फूट, सहा इंचीला साठ फुटांत एक फूट, असा या धंद्यातला जुना हिशेब आहे. पाणी इतक्या वेगाने वाहिले पाहिजे की घाण त्याच्याबरोबर पुढे गेली पाहिजे. घुशींनी जमीन पोखरली, पाइप खचला आणि उतार मोडला, की पाणी पुढे जाते आणि गाळ मागे बसतो. तुंबण्याची सुरुवात तिथे होते.

खुणा कोणत्या?

घरातली एकच मोरी सावकाश ओसरत असेल, तर दोष तिच्याच जाळीखाली किंवा ट्रॅपमध्ये असतो. केस, साबणाचा थर, एखादे प्लास्टिकचे वेष्टन. जाळी काढून साफ केले की काम होते. पण स्वयंपाकघराचे सिंक, न्हाणीघर आणि शौचालय या तिन्ही ठिकाणी पाणी रेंगाळू लागले, तर अडथळा पुढच्या सामाईक पाइपात आहे असे समजावे.

दुसरी खूण आवाजाची. फ्लश केल्यावर किंवा बादली ओतल्यावर शेजारच्या मोरीतून ‘गुडगुड’ असा आवाज येतो. पाइपात हवेला जायला वाट उरली नाही की ती ट्रॅपमधल्या पाण्यातून वाट काढते. त्याचा हा आवाज. कधी दोष खाली अडथळ्याचा असतो, तर कधी गच्चीवर. उभ्या पाइपाचे टोक गच्चीच्या वर उघडे ठेवलेले असते ते हवेसाठी. वॉटरप्रूफिंग करताना ते कोणी ‘पाऊस आत जातो’ म्हणून बुजवले, तर खालच्या मजल्यांवरच्या मोऱ्या कुरकुरू लागतात.

तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची. वरच्या मजल्यावर कपडे धुण्याच्या यंत्राचे पाणी सुटले आणि तळमजल्याच्या मोरीत फेस वर आला, तर एक क्षणही दवडू नये. पाणी पुढे जात नाही, म्हणून ते सर्वांत खालचे तोंड शोधते आहे. सात मजल्यांनी टाकलेले पाणी एकाच घरात उगवते, आणि त्या घराचा गुन्हा एवढाच की ते सर्वांत खाली आहे.

याखेरीज शौचालयाच्या भांड्यातले पाणी आपोआप वर चढणे किंवा खाली जाणे, चेंबरच्या झाकणाभोवती सतत ओल असणे, झुरळांची संख्या एकाएकी वाढणे, आवारातल्या एकाच पट्ट्यात भर उन्हाळ्यात गवत हिरवेगार राहणे या सगळ्या सूचनाच होत. दुर्गंधीचा अर्थ मात्र दर वेळी तुंबणे असा नसतो. महिनाभर गावी जाऊन आलेल्या घरात वास येतो, तो बहुधा ट्रॅपमधले पाणी आटल्यामुळे. प्रत्येक मोरीत तांब्या-दोन तांबे पाणी ओतले की वास जातो.

अडले कुठे?

सोसायटीत अशा वेळी पहिला वाद होतो तो ‘चूक कोणाची’ यावर. खरे तर आधी ‘अडले कुठे’ हे पाहावे, आणि ते पाहणे अगदी सोपे आहे. इमारतीपासून रस्त्याच्या दिशेने एकेका चेंबरचे झाकण उघडत जायचे. जे चेंबर भरलेले आहे, त्याच्या पुढे अडथळा आहे. जे रिकामे आहे, तिथपर्यंत पाणी पोचतच नाही. म्हणजे भरलेले शेवटचे आणि रिकामे पहिले, या दोहोंच्या मधल्या पाइपात गोम आहे. सगळीच चेंबरे काठोकाठ असतील आणि रस्त्यावरचे मॅनहोलही भरलेले दिसत असेल, तर दोष नगरपालिकेच्या वाहिनीत आहे. तक्रार तिकडे करावी. मुंबईकरांसाठी महापालिकेचा १९१६ हा क्रमांक आहे. आवाराच्या आतली वाहिनी मात्र रहिवाशांचीच जबाबदारी असते.

झाकण उघडताना काही पथ्ये पाळावीत. मुलांना लांब ठेवावे, आत वाकून पाहू नये, काडी ओढू नये किंवा विडी-सिगारेट पेटवू नये. आणि कितीही उथळ वाटले तरी आत कोणी उतरू नये. त्याचे कारण पुढे येईलच.

या चाचणीत अडचण येते ती वेगळीच. चेंबर सापडतच नाही! आवार देखणे करण्याच्या भरात झाकणांवर पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात. तळमजल्याच्या बिऱ्हाडाने मागची हाऊसगल्ली आत घेऊन स्वयंपाकघर वाढवलेले असते आणि चेंबर त्यांच्या ओट्याखाली गेलेले असते. या हाऊसगल्ल्यांचा जन्मच सफाईच्या कामासाठी झाला. वाहिन्या नव्हत्या तेव्हा टोपलीचे संडास साफ करायला माणसे याच बोळांतून येत. आज त्या बोळात खिडकीतून कचऱ्याच्या पिशव्या पडतात आणि गली ट्रॅपची तोंडे बुजतात.

आपण नळात काय सोडतो?

तुंबलेल्या पाइपातून निघणाऱ्या गोळ्याकडे एकदा नीट पाहिले, तर त्यात आपल्याच घरची दिनचर्या दिसते. सर्वांत मोठा गुन्हेगार म्हणजे तेलतूप. गरम कढईतले तेल पातळ असते, म्हणून ते वाहून गेले असे आपल्याला वाटते. हिवाळ्यात बाटलीतले खोबरेल थिजते हे आपण लहानपणापासून पाहतो. पाइपात तेच घडते. तुपाची बेरी, वनस्पती तूप, आमटीचा तवंग, दिवाळीच्या तळणाचा गाळ हे सगळे पाइपाच्या आतल्या भिंतीला थरावर थर बसत जाते आणि त्याला भाताची शिते, चहाचा चोथा, केस चिकटत जातात. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या वाहिनीत २०१७ मध्ये चरबी आणि ओल्या पुसण्यांचा जो गठ्ठा सापडला, तो सुमारे अडीचशे मीटर लांब आणि एकशेतीस टन वजनाचा होता. त्याचा तुकडा पुढे तिथल्या संग्रहालयात ठेवला गेला! आपल्या चार इंची पाइपाला मात्र मूठभर गठ्ठा पुरतो.

उपाय साधा आहे. खरकटे आधी ओल्या कचऱ्यात झाडावे, तेलकट कढई कागदाने पुसून मग घासावी, तळणाचे उरलेले तेल बाटलीत भरून ठेवावे. ‘मागून गरम पाणी सोडते की!’ असे म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की ते पाणी पुढच्या दोन-चार मजल्यांत गार होते आणि तूप तिथे बसते.

दुसरा गुन्हेगार सॅनिटरी नॅपकिन आणि लहान बाळांचे डायपर. पाणी शोषून फुगणे हेच त्यांचे काम, आणि ते काम ते पाइपातही चोख करतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी या वस्तू कागदात गुंडाळून कचऱ्यात वेगळ्या द्याव्यात असे सांगितले. घरातल्या मुलींना हे संकोच न करता सांगायला हवे आणि शौचालयात झाकणाचा छोटा डबा ठेवायला हवा. पुष्कळदा नॅपकिन शौचालयात टाकला जातो तो निष्काळजीपणाने नव्हे, तर तो ठेवायला दुसरी जागाच नसल्यामुळे.

तिसरा गुन्हेगार घराच्या दुरुस्तीत दडलेला असतो. फरशी बदलायला आलेला गवंडी दिवस संपला की घमेले-थापी न्हाणीघरातच धुतो. सिमेंटचे ते पाणी ट्रॅपमध्ये जाऊन दगड होते, आणि तो दगड बांबूच्या कामट्यांनी किंवा स्प्रिंगने हलत नाही. पाइप फोडावा लागतो. काम सुरू होण्यापूर्वी मोऱ्यांची तोंडे कापडाने बांधून ठेवणे आणि अवजारे धुवायला बाहेर पिंप देणे, एवढ्याने हे टळते.

चौथी गोष्ट श्रद्धेची आहे, म्हणून जपून सांगतो. घरच्या घरी बादलीत गणपती विसर्जन करण्याची चांगली प्रथा आता रुजली आहे. पण शाडूची विरघळलेली माती नंतर मोरीत ओतली, तर नदी वाचते आणि पाइप भरतो. ती माती निवळू द्यावी आणि कुंडीत किंवा झाडाच्या बुंध्याशी घालावी. निर्माल्याचेही तेच.

आणि झाडे! वड, पिंपळ, उंबर यांची मुळे पाण्याच्या शोधात पाइपाच्या सांध्यांतून केसासारखी आत शिरतात आणि आत गेल्यावर दाढीसारखी वाढतात. जुने चिनी मातीचे पाइप असलेल्या आवारात दर वर्षी एकाच जागी तुंबत असेल, तर जवळच्या झाडाकडे एकदा पाहावे. झाड तोडण्याची गरज नसते. तेवढा पाइप बदलला की पुरते.

बाटलीतल्या रसायनांवर मात्र फार विसंबू नये. पूर्ण बंद झालेल्या पाइपात कॉस्टिक किंवा अ‍ॅसिड ओतले तर ते तिथेच साचून राहते आणि नंतर हात घालणाऱ्या प्लंबरच्या अंगावर उडते. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. न्हाणीघर बंद आणि लहान असेल तर तो जीवघेणा ठरू शकतो. रबरी प्लंजर, थोडे कष्ट आणि तेवढ्याने भागले नाही तर जाणकार माणूस, हा क्रम अधिक शहाणपणाचा.

पाऊस आणि झाकण

मुंबईत पावसाच्या पाण्याच्या वाहिन्या वेगळ्या आणि मैलापाण्याच्या वेगळ्या आहेत. पण पाऊस हा भेद पाळत नाही, आणि आपणही पाळत नाही. गच्चीवरच्या पन्हाळीचा पाइप जवळच्या चेंबरमध्ये सोडून देण्याची खोड अनेक इमारतींना आहे. रोजच्या सांडपाण्यासाठी आखलेल्या पाइपात एका तासात गच्चीभर पाऊस शिरला तर तो फुगणारच. त्यात भरतीची वेळ असली, तर समुद्र पाणी घेत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कितीतरी तळमजल्यांत जे पाणी शिरले ते केवळ पावसाचे नव्हते. त्यानंतर शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली.

पाणी साचले की मॅनहोलचे झाकण उचलण्याचा मोह होतो. त्याने पाणी क्षणभर ओसरल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात रस्त्यावरचा गाळ, प्लास्टिक आणि पाऊस वाहिनीत जातो आणि पुढच्या इमारतीतल्या मोरीतून वर येतो. आणि पाण्याखाली गेलेले ते उघडे तोंड कोणाला दिसत नाही. मुंबईतले नामवंत पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात घरी चालत निघाले होते. ते उघड्या मॅनहोलमध्ये पडले आणि दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीला सापडला. हे झाकण उचलणे म्हणजे काय, हे सांगायला याहून वेगळे उदाहरण नको.

माणूस उतरवायचा नाही

आता ती राहिलेली गोष्ट. प्लंजर झाला, कामट्या झाल्या, पाणी हलत नाही. अशा वेळी सोसायटीतले कोणीतरी म्हणते, ‘एक माणूस बोलवा, उतरेल आणि काढेल.’ या एका वाक्याने आजवर असंख्य घरे उद्ध्वस्त झाली आहेत.

बंद चेंबरमध्ये आणि सेप्टिक टँकमध्ये कुजण्याच्या क्रियेतून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की तो वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. म्हणजे ‘आता वास येत नाही’ हे सुरक्षिततेचे नव्हे, धोक्याचे लक्षण ठरू शकते. जोडीला प्राणवायू कमी. उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही परत येत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीतल्या एका गृहनिर्माण संस्थेचा टँक साफ करताना तीन कामगार असेच मृत्युमुखी पडले. त्यांच्या विधवांना नुकसानभरपाई मिळण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाला २०२१ मध्ये आदेश द्यावा लागला.

२०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांवाचून माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा ठेकेदाराला जसा आहे तसाच काम सांगणाऱ्यालाही आहे. ‘तो स्वतःच तयार झाला’ हा बचाव नव्हे. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाखांची भरपाई ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाखांवर नेली. तरी मृत्यू थांबलेले नाहीत.

कारण प्रश्न केवळ यंत्रांचा नाही. हे काम ‘त्यांचे’ आहे, ही आपली जुनी समजूत आहे. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाईचे काम आपल्याला द्यावे अशी मागणी केली, तेव्हा ते ब्राह्मण म्हणून ती नाकारली गेली. अप्पांनी त्यासाठी उपोषण आरंभले आणि येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही त्यांना साथ म्हणून अन्न सोडले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी संडास-सफाई हाच आपल्या कामाचा विषय केला. त्यांना जे नव्वद वर्षांपूर्वी कळले, ते आपल्याला अजून पचलेले नाही. घाण आपली, पण ती पाहायचे डोळे दुसऱ्याचे!

आता साधने आहेत. पाण्याच्या जोरदार झोताने पाइप मोकळा करणारी जेटिंगची गाडी मिळते, गाळ ओढणारी सक्शनची गाडी मिळते, पाइपात कॅमेरा सोडून नेमकी जागा पाहता येते. केरळातल्या तरुण इंजिनीअरांनी २०१८ मध्ये मॅनहोल साफ करणारा यंत्रमानव आणला आणि त्याचे नाव ठेवले ‘बँडिकूट’, म्हणजे आपली घूसच.

वैशाखातले काम

पापड-कुरडया आणि लोणच्यांच्या दिवसांत, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, प्रत्येक सोसायटीने एक दिवस या कामाला द्यावा. सगळी चेंबरे उघडून यंत्राने साफ करून घ्यावीत. फुटकी झाकणे बदलावीत. पन्हाळी चेंबरला जोडल्या असतील तर तोडून पावसाच्या गटाराला जोडाव्यात. पिण्याच्या पाण्याची जमिनीतली टाकी चेंबरच्या जवळ असेल तर तिच्या भिंती तपासाव्यात. तुंबलेल्या पाण्याने काविळ आणि विषमज्वर घरात येतात ते याच वाटेने. आणि एक गोष्ट कायमची करावी. चेंबर कुठे आहेत, पाइप कसा गेला आहे, याचा साधा नकाशा काढून सूचनाफलकाजवळ लावावा. सचिव बदलतात, प्लंबर बदलतो, नकाशा राहतो.

जिथे नगरपालिकेची वाहिनी नाही तिथे सेप्टिक टँक दोन-तीन वर्षांनी उपसलाच पाहिजे, तुंबण्याची वाट न पाहता. सातारा जिल्ह्यातल्या वाईने आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरने २०१८ पासून गावातले टँक ठरलेल्या क्रमाने, तीन वर्षांतून एकदा, गाडीने उपसण्याची पद्धत सुरू केली. लहान गावांना जे जमले ते मोठ्या शहरांतल्या सोसायट्यांना अवघड नाही.

एवढे करूनही तुंबलेच, तर आधी सगळ्या मजल्यांवरचे पाणी वापरणे थांबवावे. पाणी विजेच्या प्लगपर्यंत चढत असेल तर मेन स्विच बंद करावा. त्या पाण्याचा स्पर्श झालेले अन्न टाकून द्यावे. हातमोजे घालून, ब्लीचिंग पावडरने फरशी धुऊन काढावी. आणि अडथळा निघाल्यावर तो कशाचा होता, हे सगळ्या सभासदांना सांगावे. तेही पुढच्या वेळचे औषधच असते.

आपल्या मोरीतून गेलेली वस्तू नाहीशी होत नाही. ती कोणाच्या तरी दारात जाते. आधी तळमजल्यावरच्या बिऱ्हाडात, मग गल्लीत, आणि शेवटी त्या माणसाच्या डोक्यावर, ज्याला आपण ‘उतर’ म्हणतो. कढई पुसून घासायला अर्धे मिनिट लागते. मोरी गुडगुडली की त्याच आठवड्यात चेंबर उघडून पाहायला तासभर. एवढा वेळ आपण दिला, तर कोणाला खाली उतरायला सांगण्याची वेळच येणार नाही.